गोजरबाईंचं पातेलं आणि लाईटची शेगडी

गोजरबाईंच्या घरात चार भिंती, एक छप्पर आणि एक पातेलं आहे. बाकीच्या वस्तू येतात आणि जातात.

पातेलं स्टीलचं, जाडजूड, आठ-दहा माणसांचा भात एका दमात शिजेल एवढं. लग्नात धाकट्या भावानं दिलेलं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलंय, 'चि. सौ. कां. गोजर हीस बंधू बिभीषण याजकडून सप्रेम.' मांडणीवर ठेवायचं ते नाव पुढं करूनच. सून रेश्मा नवी होती तेव्हा तिनं एकदा पातेलं लख्ख घासलं आणि नाव भिंतीकडं करून ठेवलं. गोजरबाईंनी ते बघितलं. उठल्या, पातेलं फिरवलं, परत येऊन बसल्या. सासर म्हणजे काय, ते रेश्माला त्या दिवशी कळलं.

गोजरबाईंचं माहेर अकोले तालुक्यात, राजूरजवळ. म्हणजे पावसाच्या आणि भाताच्या मुलखात. दिल्या मात्र पारनेर तालुक्यात, जिथं पाऊस येतो तोच उठायच्या बेतानं, चहासुद्धा न घेता जातो. लग्नानंतर पहिल्यांदा बाजरीची भाकरी थापताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पिठात पडलं, तेव्हा नणंद रंगुबाई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "वयनी, आता पिठात येगळं मीठ नका घालू." ही रंगुबाई गावातच दिलेली, दोन गल्ल्या पलीकडं. तेव्हापासून ती रोज सकाळी भावाकडं चहाला येते. चहा झाला की कपात साखर कमी होती असं सांगून जाते.

भाऊ बिभीषण येतो तो वर्षातून एकदा. भात झोडून झाला की नव्या तांदळाची गोणी आणि राजूरचे पेढे घेऊन एस.टी.नं उतरतो. त्या दिवशीचा नेम ठरलेला. माहेरचा तांदूळ माहेरच्या पातेल्यात शिजायचा. जेवण झालं की बिभीषण बोटाच्या पेरानं पातेल्यावर टकटक करतो. गोजरबाई म्हणतात, "अजून तसंच हाय." बहीणभावाचं वर्षभराचं बोलणं एवढ्यात आटोपतं.

मधल्या काळात ते पातेलं सगळ्या वादांत साक्षीला येतं. यजमान आप्पासाहेबांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा सगळी गल्ली बघायला आली. गोजरबाईंनी बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "पत्रा पातळ हाय. पातेल्यावानी न्हाई." आप्पासाहेब तेव्हाही गप्प बसले. एकूणच त्यांनी संसार गप्प बसून केला आणि तो बरा झाला, असं त्यांचं मत आहे. तेही त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

अशा या घरात लाईटची शेगडी आली.

तिचं दुकानातलं नाव इंडक्शन. मुलगा आदिनाथ सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. त्यानं उन्हाळ्यात घरावर सोलरच्या पाट्या बसवल्या आणि तेव्हापासून फुकट जाणारं ऊन बघून त्याचा जीव तुटायला लागला. मग एका संध्याकाळी तो काळ्या काचेची चपटी पेटी घेऊन आला. बरोबर तिच्यासाठीच केलेलं एक पातेलं आणि तवा.

"जाळ कुठंय हिचा?" गोजरबाईंनी विचारलं.

"जाळ नसतोच, आई. फक्त भांडं तापतं."

"आन शेगडी?"

"ती गारच."

गोजरबाईंनी काचेवर हात ठेवून बघितला. गार होती. त्यांनी जन्मभर चुलीला नाही तर गॅसला पहिला घास देऊन मग घरात वाढलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि शेगडीपुढं उभ्या राहिल्या. घास टाकायचा कुठं? शेवटी काचेवर मधोमध ठेवला आणि हात जोडले. मागून रेश्मा फडकं घेऊन आली आणि तिनं अग्नीचा घास पुसून टाकला. "काचेवर डाग पडतात, आई." एवढा टापटीप देव गोजरबाईंनी पहिल्यांदाच बघितला.

भाकरीचंही जमेना. गॅसवर भाकरी तव्यावरून काढून जाळावर धरली की टम्म फुगायची. इथं तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवायची. "ही भाकरी हाय का पुठ्ठा?" त्या म्हणत, आणि दोन खात.

एकदा भर दुपारी बाराला लाईट गेली. वर रखरखीत ऊन, घरावर सोलरच्या पाट्या, आणि शेगडी बंद.

"लाईट गेली की सोलरपण बंद होतं, आई," रेश्मा म्हणाली. "सिस्टिमच तशी आहे."

"म्हंजे सूर्यबी आता वायरमनच्या हाताखाली का?"

रेश्मानं गॅस पेटवला.

पण शेगडीचं एक होतं, तिच्यावर दूध उतू जात नव्हतं. सांगितल्या वेळी ती आपली आपण बंद व्हायची. आणि स्वयंपाकघर तापत नव्हतं. महिन्याभरात अशी वेळ आली की, दुपारी घरात कुणी नसलं की गोजरबाई स्वतःच बटण दाबून घोटभर चहा करून घ्यायच्या आणि काच पुसून ठेवायच्या. कुणी विचारलं तर तोंड वाकडं करायच्या. तोंड वाकडं करायचा हक्क त्यांनी सोडलेला नव्हता.

गोष्ट बिघडली ती कांद्याच्या लागणीला. रानात बाया लावल्या होत्या, त्यांच्यासाठी आमटी जास्त लागणार होती. गोजरबाईंनी मांडणीवरून माहेरचं पातेलं काढलं, पाणी ओतलं आणि मोठ्या मनानं शेगडीवर ठेवलं. शेगडीवर उपकारच होते ते.

शेगडी ओरडली. टीं, टीं, टीं. पडद्यावर इंग्रजी ई उमटला.

गोजरबाईंनी पातेलं उचललं, बूड पदरानं पुसलं, परत ठेवलं. टीं, टीं, टीं.

रंगुबाई चहाचा कप घेऊन दारातच बसली होती. "काय म्हनतीय वो, वयनी?"

"भांडं ओळखू येत नाही म्हणतीय," रेश्मा म्हणाली. "हिला लोहचुंबक चिकटणारं भांडं लागतं, आत्याबाई. हे चालणार नाही."

"चालनार न्हाई? ह्ये?" रंगुबाईनं कप खाली ठेवला. साखरेचं सांगायची ती विसरली. "आन माझं गं?"

रंगुबाईचंही एक पातेलं त्या घरात होतं, त्याच लग्नातलं. भांडं लहान, नाव मोठं. 'सौ. रंगुबाईकडून' ही अक्षरं जवळजवळ पूर्ण प्रदक्षिणा घालून परत आपल्या शेपटाला भेटली होती. ते मांडणीवर सगळ्यात खाली, मिठाच्या बरणीमागं असे. रेश्मानं ते काढून, पाणी घालून शेगडीवर ठेवलं. शेगडी एकदम गप्प झाली. थोड्या वेळात पाण्याला बुडबुडे आले.

"बघा," रंगुबाई म्हणाली. त्या एका शब्दात तिनं सगळं लग्न परत लावलं.

रेश्माला वाटलं, शास्त्र समजावून सांगितलं की माणसं शांत होतात. ती अजून तरुण आहे. तिनं आदिनाथच्या जुन्या स्पीकरातलं लोहचुंबक आणलं आणि रंगुबाईच्या पातेल्याला लावलं. टक्. चिकटलं. मग बिभीषणच्या पातेल्याला लावलं. ते अलगद घसरलं आणि फरशीवर पडलं.

"चिकटतंय त्ये खरं," रंगुबाई उठत म्हणाली. "बाकी काय, चकाकतं तर समदंच. असू द्या वयनी, मानसाची ऐपत असती, मन बघावं." आणि लोहचुंबक पदरात बांधून ती निघून गेली.

घरात गॅस होताच. त्या दिवशीची आमटी गॅसवर, बिभीषणच्याच पातेल्यात झाली आणि बायांनी ती भुरकून प्यायली. प्रश्न शिजण्याचा नव्हता.

संध्याकाळपर्यंत लोहचुंबक गल्लीभर फिरलं. ज्या घरांत लाईटची शेगडी नव्हती आणि यायची शक्यताही नव्हती, त्यांनीही भांडी काढली. कारण भांड्यांवर नावं होती. आहेर कुणी काय दर्जाचा केला, हे इतकी वर्षं फक्त बोललं जात होतं. आता ते सिद्ध करता येत होतं. शेजारच्या छगनच्या बायकोनं सासूनं दिलेल्या डब्याला चुंबक लावलं, चिकटलं नाही. तिनं त्या रात्री सासूला त्याच डब्यातून वाढलं आणि 'सावकाश जेवा' म्हणाली. समोरच्या काकासाहेबांच्या घरी मामानं दिलेली घागर पितळेची होती. पितळेला चुंबक चिकटत नसतं, असं काकासाहेब सांगत राहिले, पण मामा नापास झाला तो झालाच. सगळ्यात घट्ट ते चिकटलं डीपीच्या खांबाला. पण तो कुणाच्या आहेरात आलेला नव्हता.

या सगळ्यात गोजरबाईंनी पातेल्यावर गोणपाट टाकलं आणि ते माळ्यावर ठेवलं.

कांदा लावताना त्यांचा हात चालत होता, डोकं संगमनेरात होतं. लग्नाच्या साली वडील आजारी होते, म्हणून मिसरूड न फुटलेला बिभीषण एकटाच संगमनेरला जाऊन भांडं घेऊन आला होता. पोर होतं, दुकानदारानं फसवलं असेल. ते चालण्यासारखं होतं. पण दुसरंही असू शकतं. चांगल्याचे पैसे वडलांकडून घेतले असतील आणि हलकं आणलं असेल. हा विचार आला की गोजरबाई कांद्याचं रोप जरा जोरात रोवायच्या. सासरी उभं आयुष्य त्या एका पातेल्याला टेकून काढलं होतं. ते पोकळ निघालं, तर आजवर मारलेल्या सगळ्या टिचक्या परत घ्याव्या लागणार होत्या, ट्रॅक्टरवरची धरून.

आणि त्याच आठवड्यात बिभीषणचा फोन आला. "ताई, रविवारी येतोय. तांदूळ भरून ठिवलाय."

"औंदा नको येऊ," गोजरबाई म्हणाल्या. "रस्ता लई खराब झालाय."

"अगं, रस्ता तर नवीन झालाय."

"त्योच. नवीन रस्त्यानं गाड्या लई जोरात पळत्यात."

"मी एस.टी.नं येतो, ताई. ती कशी बी रस्ता आसू दे, जोरात पळत न्हाई."

ताईनं फोन ठेवला.

गोजरबाईंनी एक केलं. रंगुबाईच्या घरी हळदकुंकवाच्या निमित्तानं जाऊन, खिडकीतलं लोहचुंबक उचलून आणलं आणि आपल्या धान्याच्या कोठीमागं लपवलं. कोठी पत्र्याची होती. शनिवारी आप्पासाहेबांनी बाजरी काढायला कोठी पुढं ओढली, तेव्हा लोहचुंबकही तिच्या पाठीला चिकटून बाहेर आलं. आप्पासाहेबांनी ते बघितलं, बायकोकडं बघितलं आणि नेहमीप्रमाणं गप्प बसले. पण चुंबक ओट्यावर ठेवून दिलं.

रविवारी बिभीषण आला. दारात गोणी टेकवली, "दाजी, राम राम" केलं, पेढ्याचा पुडा भाचेसुनेच्या हातात दिला आणि पाणी प्यायच्या आधीच मांडणीकडं बघितलं.

"ताई, पातेलं दिसंना?"

"घासायला टाकलंय."

"न्हाई वो, पाव्हनं," दारातून आवाज आला. रंगुबाई आज चहाच्या वेळेआधीच आली होती. "माळ्यावर हाय. तपासनी झाली त्येची."

"कसली तपासनी?"

"रेश्मा, दाव की गं मामाला."

रेश्मानं गोजरबाईंकडं बघितलं. गोजरबाई पाठमोऱ्या उभ्या राहून तांदूळ पाखडत होत्या. तो तांदूळ आधीच स्वच्छ होता. शेवटी आप्पासाहेबांनीच पातेलं खाली काढून दिलं. रंगुबाईनं ओट्यावरचं चुंबक उचलून बिभीषणच्या हातात ठेवलं. "लावा तुमीच. मागून म्हनाल, रंगुनं कायतरी केलं."

बिभीषणनं लावलं. चुंबक घसरलं आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं.

सूप थांबलं.

बिभीषणनं अंगठा चोळला. आणि मग तो हसायला लागला. तोंडभर, माहेरच्या आवाजात. "चिकटत न्हाई! ताई, बघ गं, अजूनबी चिकटत न्हाई!"

"त्येच म्हनतीय मी," रंगुबाई म्हणाली.

"अवो, म्हनून तर घेतलं! संगमनेरात चार दुकानं फिरलो. खिशात मोडक्या रेडिओचं चुंबक घेऊन गेल्तो. तवा दुकानदार सोताच लावून दावायचे. ज्याला चिकटलं त्ये हलकं, जंग धरनारं. ज्याला न्हाई चिकटलं त्ये भारी. मला काय कुनाचा इस्वास न्हाई. मी दुकानातल्या समद्या पातेल्यांना लावत सुटलो. शेवटी मालक म्हनला, पोरा, कंचंबी घे पन जा."

बिभीषणचं म्हणणं कितपत शास्त्रोक्त होतं, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. पण मिठाच्या बरणीमागून आलेल्या पातेल्याच्या बुडाला दोन तांबूस ठिपके होते, आणि आता ते सगळ्यांना एकदम दिसले. आतापर्यंत ती नक्षी समजली जात होती.

गोजरबाईंनी सूप खाली ठेवलं. पदरानं डोळे पुसले. कांद्याचे दिवस होते. मग त्या सावकाश वळल्या. फरशीवरचं चुंबक उचललं आणि रंगुबाईच्या पातेल्याला लावलं. टक्.

तो आवाज आठ दिवसांपूर्वीचाच होता. कानाला मात्र वेगळा लागला.

रंगुबाईचा चेहरा पडला. "माझ्याकडं काय बघताय?" ती म्हणाली. "मी कवा गेल्ते भांड्याच्या दुकानात? तवा मला कोन जाऊ देत हुतं? ह्या दादानंच आनलं, माझं नाव घालून. मी तर लग्नातच पयल्यांदा बघितलं."

सगळे आप्पासाहेबांकडं वळले. आप्पासाहेबांच्या तोंडात पेढा होता. तो संपायला त्यांनी बराच वेळ घेतला.

"मीबी चुंबक लावूनच घेतलं," ते म्हणाले. "चिकटलं म्हनून घेतलं. म्हनलं, चिकटतंय म्हंजे लोखंड, लोखंड म्हंजे मजबूत."

मग त्यांनी शेगडीकडं बोट केलं. "आता चालतंय ना हिच्यावर? मला तवाच ठावं हुतं फुडं काय येनार हाय त्ये."

"ऐकलं का वयनी?" रंगुबाई म्हणाली. "बहिनीच्या नावानं हलकं भांडं आनून वर शानपन!"

"वन्सं, आवो मला आजवर ट्रॅक्टरसुदीक पातळ पत्र्याचा दिला ह्या मानसानं," गोजरबाई म्हणाल्या. "तुमी काय घेऊन बसलाय."

दोघी नणंदाभावजया एका बाजूला बसलेल्या त्या घरानं पहिल्यांदाच बघितल्या. आप्पासाहेबांनी दुसरा पेढा घेतला. गप्प बसण्याचं आपलं धोरण एकदाच मोडलं आणि ते अंगाशी आलं, याची त्यांना खात्री पटली.

"पण मामा," रेश्मा म्हणाली, कारण शास्त्राची बाजू कुणीतरी घ्यायला हवी होती, "इंडक्शनवर तुमचं पातेलं चालत नाही ते नाहीच."

बिभीषणनं शेगडी दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं. "मंग शेगडीच हलकी असंल, पोरी."

नवा तांदूळ गॅसवर शिजला, माहेरच्या पातेल्यात. त्याचा वास गल्लीत पसरला, आणि त्याच्या मागोमाग नवा निकालही. छगनची बायको चुंबक मागायला आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता, आणि तिच्यामागं सासू स्वतः चालत आली होती, डबा घेऊन. गोजरबाईंनी दोघींना पेढा दिला, चुंबक दिलं नाही. "एवढ्यात फिरफिरून त्येला ताप आलाय," म्हणाल्या.

जेवण झालं. बिभीषणनं बोटाच्या पेरानं पातेल्यावर टकटक केलं.

"अजून तसंच हाय," गोजरबाई म्हणाल्या. मग पातेलं जवळ ओढून, "तुला कवा इचारलं न्हाई मी."

"काय?"

"काय न्हाई. भात घे अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा चहा ठेवायला आली, तर मांडणीवर दोन पातेली शेजारी शेजारी होती. मोठ्याचं नाव पुढं होतं, ते नेहमीचंच. लहान पातेलं मिठाच्या बरणीमागून वर आलं होतं आणि त्याचंही नाव कुणीतरी फिरवून पुढं केलं होतं. पूर्ण प्रदक्षिणा घातलेलं नाव एका बाजूनं सगळं दिसत नाही; 'रंगुबा' एवढंच दिसत होतं. त्यावर लोहचुंबक चिकटवून ठेवलेलं होतं.

"हे काढू का, आई?"

"च्या पुरतं काढ. मंग परत लाव. दुसरीकडं कुटं ठिवलं की गावात फिरतंय."

रेश्मानं त्याच पातेल्यात चहा केला. शेगडीनं कुरकुर केली नाही. दारात रंगुबाई येऊन बसली होती. तिनं आधी मांडणीवरच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, मग शेगडीवर.

"रोज माझंच वापरता का आता?"

"हलकं हाय," गोजरबाई कप पुढं करत म्हणाल्या. "पन चिकटून हाय."

"कोन?"

"पातेलं वो, वन्सं."

रंगुबाईनं कप घेतला. मग घोट घेतला.

"साखर कमी हाय," ती म्हणाली.